अकरा टोप्या

बाराचे ठोके पडले आणि जेबेझने पाठीवर पिशवी टाकली.

"चला दाजी, निघतो. करार संपला."

सार्जंट एनॉस टटल मातीच्या भिंतीवर हात ठेवून उभा होता. समोर गोठलेली खाडी आणि पलीकडे बॉस्टन शहरातले लाल कोटवाले इंग्रज शिपाई. रोज दुपारी त्यांचा एक अधिकारी दुर्बिणीतून या भिंतीवरच्या टोप्या मोजायचा. एनॉस धरून अकरा भरायच्या. आज त्यातल्या दहा गावाकडे तोंड करून उभ्या होत्या.

"अरे, उद्या संध्याकाळी दुसरी तुकडी येतेय," एनॉस म्हणाला. "एक दिवस! एक दिवस थांबलात तर काय आभाळ कोसळणार आहे? भिंत रिकामी दिसली तर ते बर्फावरून चालत येतील."

"करारात आजची तारीख आहे," जेबेझ शांतपणे म्हणाला. "पाद्रीबाबांनी मोठ्याने वाचून दाखवला होता. तुम्हीही सही केलीत."

"माझाही संपलाच आहे की! मी चाललोय का?"

"ती तुमची मर्जी."

एनॉसचं डोकं भणभणलं. आठ महिने हेच चाललं होतं. खंदक खणा म्हटलं की आधी चर्चा. पहारा बदला म्हटलं की हात वर करून मतदान. त्याला सार्जंट केलं तेही गावच्या मैदानात असेच हात वर करून, आणि ते ऐकवायची एक संधी कोणी सोडत नसे.

"हुकूम आहे माझा," तो ओरडला.

म्हातारा ओबेड, ज्याने गावात सगळ्यांच्या घोड्यांना नाल ठोकले होते, सावकाश म्हणाला, "एनॉस, कोणाचा तरी हुकूम नको म्हणून तर आपण घरून निघालो ना रे?"

ओबेडचं खरं होतं, म्हणूनच संताप जास्त आला.

"बरं. मग बंदुका तरी ठेवून जा."

"बंदूक माझ्या बापाची आहे," जेबेझ म्हणाला. इतरांनीही आपापल्या बंदुका छातीशी धरल्या.

"मग टोप्या द्या!"

"टोप्या?"

"डोक्यावरच्या. तुम्हा सगळ्यांकडे घरून आलेल्या लोकरीच्या कानटोप्या आहेत. त्या घाला आणि या इथे ठेवा."

मग ओबेड खदखदून हसला. "म्हणजे इंग्रजांना टोपी घालायची म्हणा की!" त्याने आपली टोपी काढून भिंतीवर ठेवली. मागोमाग बाकीच्यांनी ठेवल्या. लाज सगळ्यांनाच वाटत होती, आणि टोपी देऊन ती जरा कमी होत असावी. जेबेझने सगळ्यात शेवटी दिली. त्याची कानटोपी मागच्याच आठवड्यात शेकोटीत पडून जळाली होती. त्याने गळ्यातला रुमाल डोक्याला गुंडाळला आणि मागे न बघता तो चालू लागला.

एनॉसने जळणातल्या दहा काठ्या भिंतीमागे रोवल्या आणि त्यांवर टोप्या चढवल्या. शेतातल्या बुजगावण्यांसारखीच रांग दिसत होती.

"उभे राहा," तो करवादला.

ते उभे राहिले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच सगळ्यांनी मिळून त्याचा हुकूम मानला होता.

मग त्याची धावपळ सुरू झाली. या टोकाची काठी जरा हलव, त्या टोकाला जाऊन खोक, मधली टोपी तिरकी कर. पलीकडे अजून काही हालचाल नव्हती.

तासाभराने बर्फावर पावलं वाजली. वळून बघतो तो जेबेझ. नाक लाल, रुमाल कडक झालेला, कान दोन्ही हातांनी झाकलेले. एनॉस दोन पावलं पुढे धावला.

"आलास! मला वाटलंच होतं. ये, तू त्या टोकाला—"

"दाजी, टोपी न्यायला आलोय," जेबेझ खाली बघत म्हणाला. "चार दिवसांची वाट आहे. कान गळून पडतील."

एनॉसच्या तोंडापर्यंत शिव्या आल्या होत्या, पण त्या कोणाला द्यायच्या? टोपी जेबेझची, कानही त्याचेच. जेबेझने आपली टोपी काठीवरून उचलली, डोक्यावर घट्ट ओढली.

"ताईला काय सांगू?"

"सांग, माणसं भरपूर आहेत इथे."

जेबेझ जरासा घुटमळला आणि गेला.

खाडीपलीकडे काचेवर ऊन चमकलं. दुर्बीण. एनॉसने वाकून मोजलं. नऊ, आणि एक मोकळी काठी. त्याने स्वतःची टोपी काढून त्या काठीवर बसवली. वाऱ्याने ती उडू नये म्हणून आपल्या गळ्यातला रुमाल तिला बांधला.

मग उघड्या डोक्याने तो भिंतीवर चढला आणि ताठ उभा राहिला. मोजणाऱ्याला अकरावा दिसायला हवा होता.