मौनाचं जेवण

मधली सुट्टी झाली तशा मुली उठल्या. विजयमालेच्या बाकापाशी आल्यावर त्यांचं हसणं खाली आलं, ओढण्या सावरल्या गेल्या. एकीनं "मॅडम, जरा..." म्हणत वाट मागितली. विजयमालेनं पाय आत घेतले. वर्ग रिकामा झाला आणि फाटकापाशी, समोशांच्या गाडीवर, तेच हसणं पुन्हा मोकळं झालं.

ती मॅडम नव्हती. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, त्या मुलींच्याच हजेरीत तिचंही नाव होतं. पण पहिल्या दिवशी ती, चाळिशी ओलांडलेली बाई, दारातून आत आली आणि अख्खा वर्ग उभा राहिला. तिनंही घाईनं मागं वळून पाहिलं, सर आले असतील म्हणून. मागं कोणीच नव्हतं. पोरांना नंतर खरं काय ते कळलं, पण दिलेला मान त्यांनी काही परत घेतला नाही. तिच्या बाकावर दुसरं कोणी बसत नसे.

तिनं पदर खांद्यावरून घेतला, डब्याभोवती पाणी फिरवलं, हात जोडले. अर्धी भाकर आणि बरबटीची, चवळीच्या शेंगांची, बिनकांद्याची भाजी झाकणात काढून घेतली. डब्यात हात घालून ती कधी उष्टं करत नसे. चातुर्मासाचा नेम होता. दिवसातून एकदाच जेवायचं आणि जेवताना बोलायचं नाही. एक शब्द जरी तोंडातून गेला तरी ताटावरून उठायचं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत नुसतं पाणी.

नेम घेतला तेव्हा नणंद मंगला खो खो हसली होती. "वहिनी, घरी तुह्याशी बोलाले हायेच कोण वो? हे व्रत त तुले फुकटात पडलं!"

विजयमालाही तेव्हा हसली होती. आषाढापासून तिचा नेम एकदाही मोडला नव्हता. मोडायला कोणी आलंच नव्हतं.

पहिला घास तोंडात गेला आणि दारात सुचिता दिसली. लोधीखेड्याहून बसनं येणारी, रोज पहिल्या तासाला उशीर होणारी, मागच्या खिडकीपाशी बसणारी पोर. डोळे नुकतेच पुसल्यासारखे होते.

"काकू, इथं बसू काय जी?"

काकू. विजयमालेचा घास तोंडातच थांबला. तिनं मान हलवली, पिशवी उचलून खाली ठेवली, बाकावरची धूळ हातानं पुसली.

सुचिता टोकाला बसली. "तुम्ही रोज एकट्याच जेवता ना? मी पाहून राहिली. मले वाटे, जावं. मग वाटे, रागावल्या त?"

विजयमालेनं जोरानं मान हलवली. नाही म्हणून.

"मी बी एकटीच हाव. त्या पोरी सगळ्या इथल्याच, सौसरच्या, लहानपणापासून संगं. आज मले म्हणल्या, तुह्या बसची वाट पाहत कोण बसन?" तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मी घरी सांगून देते. नाही जमत मले कॉलेज. तुम्ही सांगा ना काकू, सोडून देऊ काय?"

विजयमालेनं घाईघाईनं चावायला सुरुवात केली. मग बोट ओठांवर ठेवलं आणि डब्याकडे दाखवलं. माझं मौन आहे, जेवण होऊ दे, सांगते. तिच्या माहेरी, सासरी हे कोणालाही कळलं असतं.

सुचितानं फक्त ओठांवरचं बोट पाहिलं.

"सॉरी मॅडम," ती म्हणाली आणि उठली.

दप्तराचा पट्टा बाकात अडकला. तो तिनं ओढून सोडवला. विजयमालेनं हात हलवला, बाकावर थाप मारली, पण पोर खाली मान घालून चालली होती. दार जवळ आलं. झाकणात अर्धी भाकर तशीच होती. विजयमालेनं तोंडातला घास गिळला.

"सोडू नको!"

सकाळपासून वापरला नव्हता, म्हणून आवाज घोगरा आला. सुचिता उंबऱ्यावर थांबली.

"सोडू नको, पोरी. ये, बस."

मग ती स्वतःच उठली. बाहेर नळावर हात धुतले, चूळ भरली, परत येऊन झाकण बाजूला सारलं आणि डबा सुचितापुढे ठेवला. "जेव. डबा उष्टा नाही."

"अन तुम्ही जी?"

"माझं झालं."

"एकच घास त खाल्ला तुम्ही! काऊन?"

विजयमालेनं नेम सांगितला. सांगताना तिला वाटलं, हे आपण पहिल्यांदाच कोणाला तरी समजावून सांगतो आहोत.

सुचिताचा हात भाकरीवरच राहिला. "म्हणजे माह्यापायी मोडला? आता उद्यापर्यंत उपाशी? देव रागावन ना, काकू!"

"त्याचं मी पाहून घेईन." विजयमालेनं भाजी तिच्याकडे सरकवली. "तू जेव. बरबटी थंडी झाली त चांगली नाही लागत."

पोर जेवू लागली. आधी बेतानं, मग भूक असल्यासारखी. विजयमाला तिच्याकडे पाहत बसली. कोणी शेजारी बसून जेवत असल्याचा आवाज ती किती दिवसांनी ऐकत होती.

बाहेर मुली परत येऊ लागल्या होत्या.

"उद्या जेवताना मी बोलणार नाही, सांगून ठेवते," ती हळूच म्हणाली. "बोट दाखवलं त उठून जायचं नाही. तू बोलत राहजो."

सुचितानं नुसती मान हलवली. तिच्या तोंडात घास होता.