खिळ्यावर राहिलेला बिल्ला

“साहेब, एक बिल्ला अजून खिळ्यावर आहे.”

अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं. पावणेचार. चार वाजता टाकीत पाणी सोडून गळती तपासायची होती. ही चाचणी आधीच दोनदा पुढे गेली होती.

“मग काढून टाक.”

“म्हणजे एक रंगारी आत आहे, साहेब.”

रीत साधी होती. पाणबुडीच्या टाकीत उतरणाऱ्याने आपला बिल्ला टाकीच्या तोंडाजवळच्या फळीवर खिळ्याला अडकवायचा आणि बाहेर आल्यावर काढून न्यायचा. दारावर बसलेल्या खलाशाने आत-बाहेरची वेळ लिहायची. काम इतकं कंटाळवाणं, की ते हमखास सगळ्यात नव्या खलाशाच्या गळ्यात पडायचं.

आज दारावर बसलेला खलाशी असाच नवा होता. तो रुजू झाला त्याच्या आठवडाभर आधीच पाणबुडी दुरुस्तीसाठी कोरड्या गोदीत आली होती. आठ महिने ती लाकडी ओंडक्यांवर बसून होती. समुद्र गोदीच्या दरवाजापलीकडे, आणि हा अलीकडे गंज खरवडतोय. कधी जाडजूड नळ्या ओढायच्या, कधी आग विझवायचं नळकांडं धरून वेल्डरच्या पाठीशी तासन् तास उभं राहायचं. नाहीतर टाकीच्या तोंडाशी बसायचं. सोबतचे त्याला ‘कोरड्या’ म्हणायचे. आई फोनवर विचारायची, “समुद्राखाली कसं दिसतं रे?” तो सांगायचा, “अंधार असतो.” टाकीत अंधारच असायचा, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं. नियंत्रण कक्षात शिकायला बसू द्या, असं तो दर सोमवारी विचारायचा. “आधी बोटीला पाणी तर लागू दे,” असं म्हणून अधिकारी पुढे निघून जायचा.

कामगारांच्या मुकादमाने टाकीत बॅटरी मारून दोन हाका दिल्या. उत्तर आलं नाही. टाकीत आडव्या-उभ्या पोलादी भिंती होत्या, तोंडातून पहिलाच कप्पा काय तो दिसायचा.

“तो रंगारी महाविसराळू आहे, साहेब,” मुकादम म्हणाला. “दुपारीच गेला असेल निघून. याचं काय ऐकता!”

“तू त्याला बाहेर येताना पाहिलंस?” अधिकाऱ्याने कोरड्याला विचारलं.

“नाही. जेवायला गेलो तेव्हा दहा मिनिटं दुसरा बसला होता. त्याने काही लिहिलेलं नाही.”

“झालं तर! तेव्हाच गेला.”

रंगाऱ्याचा फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. आत ताज्या रंगाच्या वाफा कोंडलेल्या, हवेचे पंखे काढून झालेले. आता शोधायचं म्हणजे श्वासाच्या नळ्या लावलेली तुकडी बोलवायची. आजची चाचणी गेलीच.

“झाकण लाव,” अधिकारी म्हणाला.

कोरड्या पुढे झाला आणि टाकीच्या तोंडावर बसला. पाय आत सोडले.

“बिल्ला खिळ्यावर आहे तोवर मी उठणार नाही, साहेब.”

अधिकाऱ्याचा चेहरा लालबुंद झाला. आजूबाजूचे कामगार हातातलं काम थांबवून बघत राहिले. माणूस बसलेल्या तोंडावर झाकण लावता येत नाही. शेवटी दात-ओठ खात अधिकाऱ्याने तुकडी बोलावली.

दीड तास गेला. एकेक कप्पा तपासला गेला. टाकीच्या तोंडाशी कोरड्या वाकून उभा होता. आतून बॅटरीचा उजेड हलला की तो आणखी खाली वाकायचा.

तुकडी घामाघूम होऊन वर आली. टाकी रिकामी होती.

तेवढ्यात मुकादमाचा फोन वाजला. पलीकडे रंगारी होता. दाढ फार ठणकायला लागली म्हणून तो जेवणाच्या सुट्टीत जो निघाला, तो थेट दवाखान्यात जाऊन बसला होता. बधिर तोंडाने तो काहीतरी “बिल्ला, बिल्ला” म्हणत होता. मुकादमाने फोन सगळ्यांना ऐकवला. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली.

अधिकारी हसला नाही. “उद्यापासून टाकीच्या दारावर दिसू नकोस,” तो म्हणाला. “वर नियंत्रण कक्षात जाऊन बस. तेच हवं होतं ना तुला?”

तेच हवं होतं. पण रात्रभर त्याला ते हसणं ऐकू येत राहिलं. सगळ्यांचा दिवस त्याने मातीत घातला होता, आणि तोही कोणासाठी? कोणासाठीच नाही.

सकाळी लवकर चाचणी उरकली. नियंत्रण कक्षात कोरड्या एकटाच बसला होता. खुर्च्यांवर प्लास्टिक, तबकड्यांवर धूळ, एकही काटा हलत नव्हता. समोर नकाशा उघडा होता, पण त्यातली एक रेघही डोक्यात शिरत नव्हती.

साडेनऊला अधिकारी दारात आला. “खाली चल,” एवढंच म्हणाला. आता काय वाढून ठेवलंय, असं मनात म्हणत तो मागोमाग शिडी उतरला.

खाली पुढची टाकी उघडली होती. तिच्या तोंडाशी दुसराच खलाशी वही घेऊन बसला होता. पंधरा-सोळा कामगार भिंतीला टेकून उभे होते. वेल्डर होते, रंगारी होते. एकाचा गाल टम्म सुजलेला होता. फळी मोकळी होती, सगळ्यांचे बिल्ले त्यांच्या मुठीत होते.

“तासभर झाला, एक माणूस आत जायला तयार नाही,” अधिकारी मुकादमाकडे पाहून म्हणाला. “आता तूच सांग याच्यासमोर, काय म्हणणं आहे ते.”

कालचा हसणारा मुकादम आज खाली बघत होता. त्याने घसा साफ केला.

“रिकाम्या टाकीसाठी जो तुमच्याशी भांडला, साहेब, तो दारावर बसला तरच आम्ही आत उतरू.”