साडेसातची ड्युटी

साडेसातला चार मिनिटं कमी होती आणि बाळकुमच्या रस्त्यावरून काळुराम भोईर लुंगी वर खोचून पळत होता. बासष्टाव्या वर्षी माणूस पळतो तो एकतर कुत्रं मागे लागलं म्हणून, नाहीतर बायको. देवळाच्या कट्ट्यावरून सहदेवने विचारलं, घराला आग लागली का रे? काळुरामने नुसता हात हलवला. कट्ट्याला हा रोजचाच तमाशा होता.

घरात शिरून त्याने टीव्ही लावला, आवाज पार वर नेला, बॉक्सला पेनड्राइव्ह खोचला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. मग टीव्हीवर बसवलेल्या छोट्या डबीचा रिमोट उचलून एक ते सात बटणं ओळीने दाबली. डबीवर सात दिवे लागले. मालिकेचं गाणं सुरू झालं आणि काळुराम घाम पुसत पडवीत जेवायला आला. तिथे बायजाने सात ताटं मांडली होती. आई, मुलगा मयूर, सूनबाई जागृती, दोन नातवंडं, सगळी जेवत होती. आत टीव्ही रिकाम्या खोलीत बोंबलत राहिला.

ही ड्युटी त्याने आपल्याच हाताने ओढवून घेतली होती. दीड वर्षापूर्वी केबलवाला दर वाढले म्हणून सांगायला आला. कशाचे, तर दोनशे चॅनलचे. त्यातल्या दीडशेंची भाषा या घरात कुणाच्या बापाला कळत नव्हती. काळुरामचं डोकं सणकलं. आमच्या भातखाचरात तुमचे टॉवर, आमच्या मिठागरावरून तुमचा रस्ता, आणि आता आमच्याच घरात, आमच्याच चटईवर बसून बघायचं त्याचंही भाडं? त्याने कोयत्याने वायर तोडली आणि केबलवाल्याच्या हातात दिली. सगळी आळी खूश झाली. बायजा सोडून.

बायजाची साडेसातची मालिका गेली. ती भांडली नाही, रडली नाही. फक्त त्या दिवसापासून कालवणात मीठ पडेना. तीन पिढ्या मिठागरात राबलेल्या घरात अळणी कालवण. पाचव्या दिवशी काळुराम शीळफाट्याला गेला आणि फुकट चॅनलची छत्री आणि रेकॉर्डिंगचा बॉक्स घेऊन आला. ठरलं असं, की साडेसातला बायजाने सगळ्यांना गरम वाढायचं, काळुरामने मालिका भरून ठेवायची आणि तिने ती दुसऱ्या दिवशी दुपारी निवांत बघायची.

त्याच आठवड्यात काळुराम कल्याणला हळदीला गेलेला असताना एक माणूस येऊन ती टीव्हीवरची डबी बसवून गेला. तिचं काम बायजाने नवऱ्याला समजावलं. टीव्ही लावला की सातही बटणं दाबायची. आवाज मोठा ठेवायचा. एक दिवस चुकवायचा नाही.

"नाय दाबली तर?" त्याने विचारलं होतं.

"मालिका जाईल."

काळुरामला कालवण आठवलं. त्याच संध्याकाळपासून त्याने बटणं दाबायला घेतली.

पण दीड वर्षात त्याची संध्याकाळ मेली. कट्टा सुटला. गावातल्या कबड्डीचा अंतिम सामना ऐन रंगात आलेला असताना तो उठून पळाला. हे काम मयूरकडे दे म्हटलं तर बायजा म्हणाली, पोरगं विसरतं. तिकडे मालिकेतली नायिका आठ महिने बेशुद्ध होती, ओठांना लाली लावून. तिला शुद्ध येईना आणि काळुरामला सुटका मिळेना.

मग एक दिवस जागृतीने मोबाइलवर वाचून दाखवलं. मालिका महिनाअखेरीला बंद होणार. कुणी बघतच नाही.

काळुरामला आनंद मावेना. त्याने त्याच दिवशी सहदेवला मटणाचं आवताण देऊन टाकलं. शेवटचा आठवडा तर तो पळाला नाही, चालत आला. बायजा मात्र दुपारी आपल्या भागाबरोबर आधी बघितलेला भागही परत लावून बसायला लागली.

महिनाअखेरीला नायिकेने डोळे उघडले. नवऱ्याकडे बघून विचारलं, आपण कोण? जागृतीने मोबाइल बघितला. मालिका वर्षभर वाढली होती.

काळुराम चवताळून घरोघर फिरला. तुम्ही बघता का? तुम्ही? एकाही घरात कुणी बघत नव्हतं. मग ही अवदसा चालते कुणाच्या जिवावर, असं तो कट्ट्यावर ओरडला. कट्ट्याने आवताणाचं मटण मात्र सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला घरी एक माणूस आला. केदार नाव सांगितलं. ती छोटी डबी यानेच बसवलेली. त्याने ती उघडून तपासली, दिवे लावून बघितले आणि खुशीत मान हलवली.

"चालू आहे काका. आमच्या साहेबांना खरंच वाटत नव्हतं."

"काय?"

"या डबीवरनं कळतं ना, कुठल्या घरात कोण काय बघतंय. एक बटण म्हणजे एक माणूस. आणि तुमचं एक घर म्हणजे आमच्याकडे हजारो घरं धरतात. ठाण्यापासून कल्याणपर्यंत साडेसातला लोक चॅनल बदलतात, आणि तुमच्याकडे सातच्या सात जण रोज बसलेले. दुपारी परत तेच. ती मालिका तर संपवणार होते."

"म्हणजे ही डबी रेकॉर्डिंगची नाय?" काळुरामने विचारलं.

"नाही हो. बॉक्सशी तिचा काय संबंध?" केदार बॅग उचलत म्हणाला. "काकूंना सगळं नीट सांगितलेलं मी. सही पण त्यांचीच आहे."

तो गेला. काळुराम वळून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. चुलीवर बोंबलाचं कालवण उकळत होतं. बायजाने मिठाची बरणी हातात घेतली होती, पण झाकण उघडलं नव्हतं.

"अवो," ती शांतपणे बोलली, "साडेसात वाजले."