तिसरं मशीन

सकाळी टीव्ही लावला आणि मास्तरीणबाईंचा रिमोटवरचा अंगठा जागच्या जागी थबकला. आवडत्या चॅनलांच्या यादीत सगळ्यात वर कार्टूनचं चॅनल येऊन बसलं होतं.

आदल्या दुपारी त्यांनी तिथे नाचाचं चॅनल नेऊन ठेवलं होतं. लेकीचं आवडतं. तिला घर सोडून वर्ष होत आलं होतं, ऊर भरून आला होता, म्हणून आपलं एक वेड. आणि आता हे.

त्यांनी मागे वळून पाहिलं. आतल्या खोलीचं दार नेहमीसारखं अर्धं लोटलेलं होतं. मास्तर पेपर वाचत होते.

घरात टीव्ही तीन, आणि प्रत्येकाला एकेक छोटा कॉम्प्युटर जोडलेला. लेकीनेच जोडला होता, तिचं कामच ते. "आई, एकीकडे चॅनल वरखाली केलंस की तिन्हीकडे तसंच दिसेल. तुझी नि बाबांची एक तरी कटकट मिटली," असं म्हणून तिने आईला सगळं शिकवलंही होतं. जाताना तिने कपड्यांच्या बॅगेत स्वतःच्या खोलीतलं मशीन कोंबलं. "जिथे लावीन तिथून घराशी जोडलेलं राहील हे," एवढंच दारात पुटपुटली.

ठरलेलं लग्न मोडून, वाटलेल्या पत्रिकांवर पाणी ओतून ती भलत्याच माणसाबरोबर निघाली होती. "या घरात तिचं नाव निघता कामा नये," मास्तर म्हणाले आणि त्यांनी शब्द पाळला. तिचा फोन लागेनासा झाला. पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता.

पण कार्टून? कार्टून कोण बघतं? ज्याच्या घरात लहान मूल आहे, तोच ना!

बाईंनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

मग त्यांनी भीतभीत जुन्या गाण्यांचं चॅनल वर नेलं. लेकीला झोपवताना त्या तीच गाणी गुणगुणायच्या. दुसऱ्या दिवशी बघतात तो गाण्यांना चिकटून प्राण्यांचं चॅनल. त्यांनी स्वयंपाकाचं वर आणलं, म्हणजे नीट जेवतेस ना? त्यावर हवामानाचं आलं. तिकडे थंडी पडली असेल, बाईंनी ताडलं. त्या दिवसापासून जुन्या मऊ चादरी फाडून त्यांनी झबली शिवायला घेतली. मास्तर फिरायला गेले की शिलाई मशीन चालवायचं, आले की सगळं कपाटात दडपायचं.

मास्तरांशी बोलणं म्हणजे वर्षभर औषध घेतलंत का आणि मीठ कमी पडलंय, एवढंच उरलं होतं. तेही हल्ली जरा सैलावले होते. एकदा तर स्वतःहून विचारलं, "आज टीव्ही नाही लावलास?"

"लावीन की. तुम्हाला काय त्याचं?"

"मला कुठलं काय? बातम्यांपलीकडे मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मला तरी कुठे कळतंय? लावायचा नि बंद करायचा."

दोघंही खाली मान घालून जेवत राहिले.

अशात मास्तरांच्या थोरल्या भावाचं ऑपरेशन निघालं आणि ते तिकडे गेले. आणि नेमकं त्याच वेळी चॅनलांनी तोंड मिटलं. बाईंनी नाचाचं वर नेलं. उत्तर नाही. गाणी, स्वयंपाक, कार्टून, एकामागून एक हलवून पाहिलं. काही नाही. मूल आजारी असेल? की तीच अंथरुणाला खिळली असेल? शेवटी त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

त्याने हॉलमधलं मशीन तपासलं, आतल्या खोलीतलं पाहिलं.

"काकू, सगळं ठणठणीत आहे."

"मग तिसऱ्या मशीनवरून काही येत का नाही?"

"तिसरं?" त्याने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. "ते गेल्या वर्षी बंद झालं, त्यानंतर एकदाही जोडलं गेलेलं नाही. सगळे बदल या दोन मशीनांवरूनच झालेत. एक हे, आणि एक ते आतलं."

तो गेला तरी बाई उभ्याच होत्या. म्हणजे नातवंड नाही. थंडी नाही. लेकीचा ठावठिकाणाच नाही. आणि या माणसाने महिनोन्‌महिने खेळ मांडला, आपल्याला वेड्यात काढलं. कपाट उघडून त्यांनी सगळ्या झबल्यांचं गाठोडं बांधलं. येऊ देत, पुढ्यात आपटते आणि विचारते.

संध्याकाळी मास्तर आले. चपला न काढताच, बॅग खांद्याला तशीच, तरातरा आतल्या खोलीत गेले. टीव्ही लागल्याचा आवाज आला. बाई गाठोडं छातीशी धरून दारात जाऊन उभ्या राहिल्या. शब्द ओठांवर तयार होते.

मास्तर पडद्यासमोर उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

"अगं, आत ये," ते म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी असं बोलावलं. "रागावू नकोस. तुझ्यापासून एक लपवलं मी."

"कळलंय मला सगळं."

"कळलं? मग बघ तरी!" त्यांनी बाईंचा हात धरून त्यांना पडद्यापाशी ओढलं. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना भान नव्हतं. "अख्खी यादी उलटीपालटी करून टाकलीय. मी तिकडे होतो, इतके दिवस काही बोललो नाही, तर पोरीने किती हाका मारल्यात बघ मला!"