घाटाची ड्यूटी

"साखर तीनशेच्या वर आहे. इतक्यात स्टेअरिंग हातात घ्यायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं. बावीस वर्षं घाटात बस चालवलेले दत्ताराम घाडी आगाराच्या चौकशी खिडकीत बसू लागले. दुसऱ्यांच्या गाड्यांच्या वेळा सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा.

आगारप्रमुख सामंतबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. "उद्यापासून सकाळी सहाला चालायला या. मीही येते."

"मॅडम, लोक हसतील."

"हसू देत. त्यांनाही बोलवू."

पहिल्या दिवशी आगाराभोवती दोघंच चालले. महिनाभरात मेकॅनिक, वाहक धरून अठराजण झाले. घाडींनी भात कमी केला, गोळ्या कधी चुकवल्या नाहीत. सात महिन्यांनी डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि सही केली.

घाटाच्या पहिल्या फेरीला सामंतबाई रीतसर तिकीट काढून पुढच्याच सीटवर बसल्या. पहिलं अवघड वळण आलं. घाडी आरशात बघून हसले, "भीती वाटली तर डोळे मिटून घ्या, मॅडम."

"मिटू कशाला?" बाई ताठ बसत म्हणाल्या, "मी हे बघायलाच आलेय."