इंग्रजीत एकसष्ट

“ताई, तुम्ही नापास नाही आहात,” नीता मॅडम म्हणाल्या.

शकू हसली. दिवसभर कॉलेजच्या खिडकीशी बसणाऱ्या माणसालाही कधी गंमत करावीशी वाटत असेल. “अवो मॅडम, नीट बघा. शकुंतला काशिराम म्हात्रे. शहाऐंशी साल. इंग्रजीत गेले मी.”

चव्वेचाळिसाव्या वर्षी ती पनवेलच्या आपल्या जुन्या कॉलेजात परत आली होती, मुक्त विद्यापीठाचा अर्ज घेऊन. तिचा मसाला कोनपासून करंजापर्यंत चाळीस दुकानांत जायचा, पण मॉलवाल्या साहेबांनी ‘शिक्षण?’ विचारलं की तिची मान खाली जायची. व्यवसायाची पदवी घ्यायची, एवढं तिने ठरवलं होतं. बीबीएला थेट प्रवेश होता, पण तो बारावी पास झालेल्यांना. नापासांना आधी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, मग पुढचं पुढे. माहितीपुस्तकातल्या बीबीएच्या पानावरून तिने दोनदा हात फिरवला होता आणि पुस्तक मिटलं होतं.

अर्जात नापासांनाही बारावीचा बैठक क्रमांक लिहावा लागतो म्हणून कपाटातलं जुनं रजिस्टर निघालं होतं. मॅडमनी ते तिच्याकडे फिरवलं.

तिचंच नाव. त्यापुढे लाल शाईत ‘उत्तीर्ण’. इंग्रजी, एकसष्ट. आणि शेवटच्या रकान्यात, गुणपत्रिका मिळाल्याची सही. लांब शेपटीचा ‘क’.

तो ‘क’ तिच्या ओळखीचा होता. आज सकाळीच तिने तो पाहिला होता, अर्जाच्या कडेला पेन चालतं का ते बघताना काढलेला.

थोरला भाऊ कमळाकर तिच्या शेजारीच उभा होता. जात्यावरच्या ओव्यांत असतो ना भाऊ, बहिणीच्या वाटेवरचा काटा आपल्या पायाखाली घेणारा, तसला. तिच्यासाठी आज दुकान बंद ठेवून आला होता. अर्ज इंग्रजीत, म्हणून तोही त्यानेच भरला होता.

निकालाच्या दिवशी घरात सोयरे बसले होते. पास झालीस तर शीक, नाय तर मांडव, असं आबांनी कबूल केलं होतं. निकाल आणायला कमळाकर सायकलवरून गेला आणि परत येऊन उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, “इंग्रजीत गेली.” त्याच महिन्यात एका मांडवात दोन लग्नं लागली. शकू त्या सोयऱ्यांच्या घरी गेली. त्या घरची वेणू कमळाकरची बायको होऊन आली.

शकूला राग आला नाही. रागाला जागाच सापडेना. तिला भलतंच काही आठवत होतं. औषधाची पाकिटं, बँकेची पत्रं, सगळं ती सव्वीस वर्षं वाचायला दुसऱ्याच्या हातात देत आली होती. लेकीच्या, दिपिकाच्या, शाळेतल्या पालकसभेला ती एकदाही गेली नव्हती. तिथल्या बाई इंग्रजी बोलायच्या. पोर वर्गाच्या दारात वाट बघत उभी राहायची आणि मागून मामा यायचा.

“एकसष्ट,” ती म्हणाली. बोट त्या आकड्यावरून निघेना.

“पण मूळ गुणपत्रिका जोडावी लागेल,” नीता मॅडम म्हणाल्या. “दुसरी काढायला दोन महिने जातील, आणि शनिवारी मुदत संपते. नसेल तर पूर्वतयारीवरच खूण करते. त्याला गुणपत्रिका लागत नाही.”

कमळाकर गप्प राहिला असता तरी चाललं असतं. त्याने रुमालाने मान पुसली. रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“हाय,” तो म्हणाला. “गुणपत्रिका हाय. वेणूच्या ट्रंकेत, तळाला. फाडवली नाय माज्यानं.”



“वैनीला म्हाइत हाय?”

त्याने रुमाल खिशात कोंबला. “तिच्या बापानं सांगितलेलं, शके. दोन्ही पोरींचं लगीन, नाय तर एकीचंपण नाय.”

दर भाऊबीजेला वेणूच तिच्या हातात ओवाळणीचं ताट द्यायची. ज्योत विझू नये म्हणून पदराचा आडोसा धरायची.

शकूने भावाने भरलेला अर्ज उचलला, चार घड्या केल्या आणि पिशवीत खाली सारला.

“नवा अर्ज द्या, मॅडम. बीबीएचा.”

कोरा अर्ज खिडकीतून बाहेर आला. सवयीने कमळाकरने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि कागदाकडे हात नेला. शकूने त्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं. ओढलं नाही. लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी, तसं घेतलं.

पहिल्या चौकटीत तिने एस काढला. सव्वीस वर्षांनी स्वतःच्या हाताने काढलेला. तो वाकडा आला, पोटाशी फुगला.

“खाडाखोड चालत नाही हं, ताई,” नीता मॅडम हळूच म्हणाल्या.

“नाय करत,” शकू म्हणाली, आणि पुढच्या चौकटीत तिने एच काढला.