सव्वीस नंबरचा पडदा

टेबल मिळणार नाही, असं हिल्डा स्टॅनिफोर्थने दार जेमतेम वीतभर उघडून सांगितलं.

बाहेर डोरिस ऑक्सली उभी होती. केसांत रंगीत कागदाच्या झिरमिळ्या अडकलेल्या. तिच्यामागे गल्लीच्या मधोमध टेबलांची रांग लागली होती आणि वर कारखान्यातून मागून आणलेली ताडपत्री ताणली होती. राणीचा राज्याभिषेक म्हणून शेफील्डच्या कारखान्यांचे भोंगे आज गप्प होते.

"मिसेस स्टॅनिफोर्थ, महिन्यापूर्वी कबूल केलंत तुम्ही! आठ पोरं बसायची तुमच्या टेबलाला. आता काय मांडीवर घेऊ त्यांना?"

"आज नाही जमणार."

"राणी काय रोज रोज गादीवर बसते? लाकूडच ते, झिजत नाही!" डोरिस मनाची वाईट नाही, पण तिच्या जिभेला हाड नाही. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "ठेवा मग उराशी बांधून!"

हिल्डाने ऐकून घेतलं आणि दार लावलं.

शेजारच्या टेबलावर चादर अंथरणाऱ्या अ‍ॅडा बॅगशॉने हातातलं काम टाकलं. आमच्या गल्लीत मूल जन्मलं की त्याला पहिला हात अ‍ॅडाचा लागतो, आणि माणूस गेलं की शेवटचाही तिचाच. ती वळसा घालून मागच्या दाराने आत शिरली. मागच्या दाराला आमच्याकडे कुणी कडी लावत नाही.

पुढच्या खोलीत खिडकीशी हिल्डाच्या नवऱ्याचा, विल्फचा पलंग होता. सुऱ्यांना धार लावण्यात जन्म गेला, ती धूळ छातीत बसली, आणि हिवाळ्यापासून त्याला जिना चढवेना. पलंगालगतच ते टेबल होतं. त्यावर औषधाच्या बाटल्या, कात्री आणि पत्र्याचे तुकडे. बसल्या बसल्या त्याने पत्र्याचा हातभर मुकुट कापला होता, तो आता गल्लीवर दोरीला टांगलेला होता. विल्फचे डोळे मिटलेले होते. हिल्डाने त्याचे केस विंचरले होते.

अ‍ॅडाने त्याच्या कपाळाला हात लावला आणि काढून घेतला.

"कधी?"

"सहाला. भोंग्याच्या वेळेला. आज भोंगा झाला नाही ना, मला वाटलं, त्याचीच वाट बघतोय."

अ‍ॅडाने खिडकीकडे पाहिलं. काचेला नुसता जाळीचा पातळ पडदा होता; जाड पडदा वर गुंडाळलेलाच होता. आमच्याकडे माणूस गेलं की त्या घराचा पडदा खाली येतो. तो दिसला की शेजारचा, मग समोरचा, असं करत शेवटच्या घरापर्यंत. मयत उचलेपर्यंत मग कुणी रेडिओ लावत नाही, पोरं रस्त्यावर येत नाहीत.

"हिल्डा, चाळीस वर्षं हे काम करतेय मी. घरात मयत असताना पडदा वर कुणी ठेवला नाही."

"ठाऊक आहे."

"लोक काय म्हणतील उद्या?"

"म्हणू देत. बावन्न पोरं आहेत, अ‍ॅडा. त्यांच्यासाठी घरोघर रेशनची साखर मागे टाकलीय. आणि हा रोज संध्याकाळी विचारायचा, मुकुट टांगला का. काल टांगला, तेव्हा उशीला टेकवून दाखवला मी त्याला." तिने विल्फची चादर सारखी केली. "आज त्याच्याच पायी पोरांना घरात कोंडू? मला नाही व्हायचं गं ते."

अ‍ॅडाने बाह्या वर सारल्या.

"पाणी तापव. आणि ते टेबल मोकळं कर. बाहेर गेलं नाही तर डोरिस आत येईल."

दिवसभर पाऊस येत-जात राहिला. हिल्डा आपल्याच टेबलाशी बसून आठ पोरांना चहा ओतत होती. "शेवटी सुटलं म्हणायचं मुठीतून!" डोरिस म्हणाली. बायका हसल्या, हिल्डाही हसली. पोरांनी जेली खाल्ली, सँडविचं संपवली, कागदी टोप्या भिजवल्या. या कानाची त्या कानाला खबर नव्हती.

एकदाच, दहा नंबरची मोरीन बशीत केकचा तुकडा घेऊन आली.

"आजोबांना देऊन येऊ? मुकुट त्यांनीच केलाय ना."

अ‍ॅडा जागची अर्धी उठली. हिल्डाने हात पुढे करून बशी घेतली.

"झोपलेत गं ते. मी ठेवते उशाशी."

ती आत गेली, रिकाम्या हाताने परत आली आणि पुन्हा किटली उचलली.

संध्याकाळी सातला सगळे उभे राहिले. पुरुषांनी टोप्या काढल्या, राणीचं गाणं झालं, पोरांच्या आया पोरांना ओढत घरी न्यायला लागल्या. डोरिसने टेबल स्वच्छ पुसलं आणि अ‍ॅडाबरोबर उचलून दारापर्यंत आणलं.

"सकाळचं मनावर घेऊ नका हं," ती म्हणाली. "आणि विल्फकाकांना सांगा, मुकुट झकास दिसला."

"सांगते," हिल्डा म्हणाली. दोघींच्या हातून टेबल घेऊन तिने ते आत ओढलं आणि दार लावलं.

डोरिस पायरी उतरते न उतरते तोच सव्वीस नंबरचा पडदा हळूहळू खाली आला, पार चौकटीला टेकेपर्यंत.

डोरिसच्या हातात ओलं फडकं होतं. तिने अ‍ॅडाकडे पाहिलं.

"सकाळपासून?"

"सकाळपासून."

डोरिस धावतच रस्ता ओलांडून घरात गेली. तिचा रेडिओ गाण्याच्या मध्येच थांबला आणि तिचा पडदा उतरला. मग तिच्या शेजारचा. मग समोरचा. काचांवर चिकटवलेल्या चित्रांतली राणी रस्त्याकडे बघून हसतच राहिली, आणि तिच्या पाठीमागे, घरामागून घर, पडदे खाली येत गेले.